लेकराला शाळेतून काढून घरीच शिकवावं का? मराठवाड्यातले अनुभव हवेत

सायली_अंबाजोगाई | १० नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते.

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. इथल्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. दिवाळीत आजोळी, रेणापूरजवळ होती. मामाबरोबर आडतीवर गेली, तिथली हिशोबाची पट्टी वाचली आणि हमाली-तोलाई वजा करून सोयाबीनचे किती हातात आले ते मामाच्या आधी सांगितलं. हीच मुलगी वजाबाकीच्या वहीत लाल फुल्या घेऊन घरी येते. शाळा उघडल्यापासून रोज पोट दुखतं म्हणते. डॉक्टरांनी सोनोग्राफीसुद्धा केली, काही निघालं नाही.

मी बी.एस्सी. बी.एड. आहे, चार वर्षं शिकवलंय, आता घरी असते. मिस्टर बँकेत, बदलीची नोकरी. मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवावं हे मनात घट्ट होत चाललंय. सासूबाई म्हणतात, "इतकं शिकलेले लोक आन् लेकराला अडाणी ठेवायलाव व्हय?"

पुण्या-मुंबईचे अनुभव वाचून झालेत. तिकडं असे पालक एकमेकांना भेटतात, मुलांना सोबत मिळते. आमच्याकडं असं दुसरं एकही घर मला माहीत नाही. इकडं राहून ज्यांनी हे केलंय किंवा करून सोडलंय, त्यांनी लिहा. फायदे तर कुणीही सांगतं, तोटेही सांगा.

नेटका_हिंगोली | १० नोव्हेंबर, रात्री १०.५८

मामानं आडतीवरच शाळा काढावी, आमच्या दोघांची नावं आत्ताच लिहून घ्या 😀 बाकी वाचतोय.

बालाघाट | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

ताई, औशाजवळ शेतात राहतो. थोरला चौदाचा, धाकटी दहाची. थोरला दुसरीपर्यंत शाळेत होता, धाकटी कधी गेलीच नाही. सहा वर्षं झाली.

पहिले सहा महिने आम्ही घरात शाळाच मांडली होती. फळा, वेळापत्रक, अकरा वाजता गणित. रोज रडारड. मग फळा उतरवला. अपूर्णांक थोरल्याला चार महिने येईना. आला तो ठिबकच्या नळ्या अंथरताना. ड्रिपर ताशी चार लिटरचा. त्यानं नळीखाली मापाचं भांडं धरलं, घड्याळ लावलं आणि लांबूनच ओरडला, "बाबा, पाऊण म्हणजे तीन लिटर!" त्या दिवसानंतर छेद-अंश शिकवावे लागले नाहीत. लेकराला एखादी गोष्ट समजायला लागतो तेवढा वेळ देता येतो, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा. चाळीस पोरांच्या वर्गात कुठल्याही गुरुजींना ते जमणार नाही, त्यात त्यांचा दोष नाही.

आता तोटा. गावातली पोरं शाळा सुटल्यावर साडेपाचला क्रिकेटला येतात. थोरला चार वाजल्यापासून बॅट घेऊन बांधावर बसलेला असतो. काही बोलत नाही, रस्त्याकडं बघत बसतो. सहा वर्षं मी हे बघतोय आणि यावर माझ्याकडं उत्तर नाही. पोरांच्यात शाळेतल्या गोष्टी निघतात, कोण कुणाच्या बाकावर बसलं, कुणाला शिक्षा झाली. तेव्हा हा गप्प राहतो.

परीक्षेचं म्हणाल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, मराठी माध्यम मिळतं. परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ वेळा बसता येतं. थोरला दोन-दोन विषय करून देणार आहे.

ॲड_गोदाकाठ_नांदेड | ११ नोव्हेंबर, दुपारी १.२०

कायद्याचं थोडं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे कलम १० नुसार पालकाचं कर्तव्य आहे. पण ते न करणाऱ्या पालकाला या कायद्यात शिक्षा किंवा दंड नाही. घरी शिकवण्याला परवानगी देणारं कलम नाही, तसं गुन्हा ठरवणारंही नाही. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं की शिक्षक दारात येतील, नाव लिहून नेतील, शाळेत घाला म्हणतील. त्यांच्याशी नीट बोला, ते त्यांचं काम करतात.

दुसरं, याकडं सहसा कुणी बघत नाही. चार-पाच घरांनी मिळून एका वाड्यात रोज वर्ग भरवला, बाई नेमल्या, फी घेतली, तर ती विनामान्यतेची शाळा ठरू शकते. कलम १८ नुसार त्याला एक लाखापर्यंत दंड आहे आणि पुढं चालू ठेवली तर रोजचे दहा हजारांपर्यंत. स्वतःच्या घरात स्वतःच्या लेकराला शिकवणं ही वेगळी बाब.

परत शाळेत घालायचं ठरलं तर कलम ४ आहे. आठवीपर्यंत वयाप्रमाणे वर्गात प्रवेश द्यावा लागतो.

कडूलिंब_बीड | ११ नोव्हेंबर, रात्री ९.०५

हा विषय निघाला की मला त्रास होतो. का ते सांगते.

शिरूर कासार भागात हंगामी वसतिगृहाचं काम केलंय. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ज्यांची सोय आजी-आजोबांकडं किंवा वसतिगृहात होत नाही ती लेकरं कारखान्याच्या थळावर जातात. मोठी बहीण फडात धाकट्याला सांभाळते, आई-बाप कोयत्यावर. एक मुलगी चौथीत होती, अक्षर मोत्यासारखं. चैत्रात परत आली तेव्हा तिला जोडाक्षरं वाचता येईनात. "प्रकाश" शब्दावर बोट ठेवून बसून राहिली. पुढच्या वर्षी ती आलीच नाही.

शाळा सुटली की काय होतं हे आम्ही दरवर्षी बघतो. त्यामुळं धडधाकट शाळा दाराशी असताना मुलीला काढायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. सायलीताई, तुमच्यावर राग नाही. पण तुमच्यासारख्या शिकलेल्या आयांनी शाळा सोडली की त्या शाळेला प्रश्न विचारणारं कुणी राहत नाही. झेडपीच्या शाळेत व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, समितीत निम्म्या बाया हव्यात असं कायदा सांगतो. आमच्याकडं त्या जागांवर सह्या करणाऱ्या आहेत, बोलणाऱ्या फार थोड्या.

सायली_अंबाजोगाई | ११ नोव्हेंबर, रात्री ११.१०

कडूलिंबताई, वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. त्या मुलीची आणि माझ्या मुलीची गोष्ट एक नाही हे कळतंय मला. तिची शाळा परिस्थितीनं हिरावली. पण माझी मुलगी सकाळी बूट घालताना रडते तेव्हा मी आधी तिची आई असते. समितीत बसून शाळा सुधारेपर्यंत ती सातवीत गेलेली असेल.

बालाघाट दादा, बॅटचं वाचून मिस्टरांना दाखवलं. ते म्हणाले, याला उत्तर सापडल्याशिवाय काढायचं नाही.

मीना_संभाजीनगर | १२ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

आम्ही दोन वर्षं करून थांबलो. मुलगा तिसरी-चौथीत घरी होता.

तो छान शिकला. इंग्रजी वाचन शाळेतल्या मुलांपेक्षा पुढं गेलं, पक्षी ओळखायला लागला, जायकवाडीला फ्लेमिंगो बघायला आम्ही मंगळवारी जायचो, गर्दी नसायची. त्याच्या बाजूनं तक्रार नाही.

पण या चर्चेत आईच्या दिवसाचा हिशोब कुणी मांडत नाही. सकाळी साडेपाचला पाणी, मग डबा, सासऱ्यांची औषधं, नऊ ते बारा अभ्यास, मग स्वयंपाक, दुपारी पुन्हा प्रयोग, चित्र, वाचन. "आम्ही" घरी शिकवतो असं मिस्टर सगळ्यांना सांगायचे. त्या आम्हीतली मी एकटी होते. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की मी आई कमी आणि बाई जास्त झालेय. दूध पितानासुद्धा "मिलिलिटर सांग" म्हणायचे. एक दिवस तो म्हणाला, "आई, आज तू सुट्टी घे ना." स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि जूनमध्ये पाचवीला नाव घातलं.

सायली, तुमच्या घरात बाप रोज किती तास देणार, हे आधी कागदावर लिहून घ्या. बदली झाली तर काय, तेही लिहा.

बालाघाट | १२ नोव्हेंबर, रात्री ८.३०

मीनाताई, पटलं. आमच्याकडं जमलं कारण मी दिवसभर घरी-शेतात असतो. भाषा मालकीणबाई बघतात, गणित-विज्ञान माझ्याकडं. दोघांपैकी एकटंच असतं तर दोन वर्षंसुद्धा निघाली नसती.

लातूरकर_पालक | १२ नोव्हेंबर, रात्री ९.१२

सगळं ठीक, पण नीटचं काय? उद्या लेकीला डॉक्टर व्हायचं असलं तर?

ॲड_गोदाकाठ_नांदेड | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

लातूरचं कुणी आलं आणि नीटचा प्रश्न आला नाही असं होणारच नाही 🙂

मुक्त विद्यालयाच्या बारावीवाल्यांना पूर्वी नीटला अडवायचे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती अट उडवली, आता एनआयओएसची बारावी चालते. राज्याच्या कोट्यासाठी मात्र दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते, त्यामुळं नोंदणी करतानाच परीक्षा केंद्र कुठलं घेतो ते बघा.

खरी अडचण आधीच्या वयात येते. नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, तिच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला तिसरी, चौथी, पाचवी मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली लागते. तुमची तिसरीत आहे. आत्ता काढलं तर तो रस्ता बंद होईल. हे माहीत असून काढायचं असेल तर काढा.

धाराशिवकर | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.००

थोडं विषयांतर, पण मला ते जवळचं वाटतं.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात वाढले. सरकारी शाळांत वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. त्यांच्या चुलत्यांनी ओसरीवर धूळपाटी घेऊन त्यांना बाळबोध आणि मोडी शिकवली. घरी शिकण्याशिवाय दुसरा मार्गच नव्हता. मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचं नाव कानावर आलं. १९२१ ची शाळा, पुढं स्वामी रामानंद तीर्थांनी तिथं शिकवलं, नंतर ते तुमच्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. आजोबा घरातून भाकरी बांधून हिप्परग्याला गेले. म्हणायचे, "चुलत्यानं अक्षर शिकवलं, पण भांडायला आन् मिटवायला शाळेतच शिकलो." माणसं शाळेसाठी एवढं चालत गेली त्या मुलखात आपण राहतो, म्हणून शाळा सोडण्याचा विचार इथं जड जातो. सासूबाईंच्या बोलण्यामागं हेच असेल.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना अख्खा मराठवाडा शाळांच्या जुन्या रजिस्टरांवर वाकून बसला होता. आमच्या घरातही आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा काढायला तीन चकरा झाल्या. जातीचा दाखला, पडताळणी, रहिवासी, सगळीकडं शाळा सोडल्याचा दाखला मागतात. लेकराचं नाव कुठल्याच रजिस्टरला नसेल तर पुढं प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागेल. निदान पहिलीची नोंद आणि दाखला जपून ठेवा.

नेटका_हिंगोली | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

हिप्परगा म्हणजे लोहाऱ्याकडचं का?

धाराशिवकर | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.४२

हो, तेच.

परभणीकर_जर्मनीत | १३ नोव्हेंबर, रात्री ११.३०

इकडं जर्मनीत घरी शिकवणं चालतच नाही, मुलाला शाळेत पाठवावंच लागतं. न पाठवणाऱ्या पालकांना दंड होतो. माझी बहीण अमेरिकेत आहे, तिकडं सगळ्या पन्नास राज्यांत मुभा आहे, तिच्या गल्लीत अशी तीन घरं आहेत. दोन्हीकडची मुलं बघितली. माझ्या डोळ्यांना फरक दिसला तो एवढाच, की बहिणीच्या गल्लीतली मुलं मोठ्यांशी न बुजता बोलतात.

पुष्कर_जालना | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

मी विद्यार्थी आहे, चालेल ना? आठवीत आजारपणामुळं शाळा सुटली. दोन वर्षं घरी होतो, मग दहावी १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसायचा फॉर्म भरून दिली. त्याला किमान पाचवी पास लागते. आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

घरी असताना मला स्वतः पुस्तक उघडून समजून घ्यायची सवय लागली. आज वर्गात त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. त्रास झाला तो प्रात्यक्षिकांचा. बारावीपर्यंत ब्युरेट हातात धरलं नव्हतं. आणि गॅदरिंगचे फोटो बघितले की अजून वाईट वाटतं.

मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकली आणि २०१६ मध्ये थेट अमेरिकेतल्या एमआयटीत गेली, हे उदाहरण सगळे देतात. तिला प्रोग्रॅमिंग ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं होती. बारावी नसल्यामुळं आयआयटीचा रस्ता तिला मिळाला नव्हता, हे मात्र कुणी सांगत नाही.

निवृत्त_गुरुजी_सेलू | १४ नोव्हेंबर, रात्री ८.५०

सायलीबाई, एकतीस वर्षं झेडपीच्या शाळांत शिकवलं. वरचं सगळं वाचलं, सगळ्यांनी आपापल्या जागी खरंच लिहिलंय. पण तुमच्या पहिल्या पत्रातल्या दोन ओळींवर माझं मन अडकलंय आणि त्यावर अजून कुणीच विचारलेलं नाही.

पोट नेमकं कधी दुखतं? सकाळी निघताना, की शाळेतून आल्यावरही? आल्याबरोबर ती आधी कुठं जाते? आणि पाण्याची बाटली. संध्याकाळी दप्तरातून काढताना हातात तोलून बघा.

हे विचारतोय कारण माझ्या वर्गात एक हुशार पोरगी दुपारनंतर पाटीवर डोकं टेकून बसायची. मला वाटायचं आळस करते. तिच्या आजीनं सांगितलं तेव्हा कळलं की ती दिवसभर पाणीच पीत नाही, कारण शाळेतल्या मुतारीला दार नव्हतं. तोवर मी तिला सहा महिने बोलत होतो. ते माझ्या मनातून जात नाही.

लेकरू "शाळा नको" म्हणतं तेव्हा त्याला शाळेतली एखादीच गोष्ट नको असते, पण ती सांगता येत नाही. ती कुठली ते आधी शोधा. घरी शिकवायचं की नाही ते मग ठरवा. नुसत्या गणिताच्या फुल्यांनी आठ वर्षांच्या पोरीचं रोज पोट दुखेल असं मला वाटत नाही.

मीना_संभाजीनगर | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१५

गुरुजी 🙏

सायली_अंबाजोगाई | २९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

उशिरा लिहिते, माफ करा.

गुरुजींचं वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दप्तर उघडलं. बाटली काठोकाठ भरलेली. सकाळी मीच भरून दिली होती, वर बर्फाचे दोन तुकडे टाकले होते, ते तेवढे विरघळले होते, बस. चार दिवस रोज बघितलं. चारही दिवस तशीच. आणि ती आल्याबरोबर बूट न काढता बाथरूमकडं पळते, हे मी दोन वर्षं बघत होते. मला वाटायचं खेळून घाई झाली असेल.

रात्री केस विंचरताना विचारलं. आधी काही बोलेना. मग म्हणाली, "कडी लागत नाही. मोठ्या ताया दार ढकलतात आणि हसतात."

एवढंच होतं. मी मुलीला सोनोग्राफीला नेलं, शाळा सोडायचं ठरवत आले, आणि बाटली हातात धरून बघितली नाही.

शाळेत गेले. आधी म्हणाले, असं काही नाही. मग मी स्वतः आत जाऊन दार लावून दाखवलं. आणखी दोन आयांना घेऊन गेल्यावर आठवड्यानं कडी बसली, मुलींसाठी एक मावशी दुपारच्या सुट्टीत उभ्या राहायला लागल्या. कडूलिंबताई, तेव्हा तुमची आठवण झाली. त्या दोघींच्या मुलीही पाणी पीत नव्हत्या.

परवा बाटली अर्धी आली. पोटदुखी चार दिवसांत एकदाच.

मूळ प्रश्न संपला का, तर नाही. वजाबाकीच्या फुल्या अजून आहेत आणि आडतीवर ती जशी खुलली होती तशी मला वर्गात दिसत नाही. पण आत्ता काढलं असतं तर तिच्या मनात शाळा म्हणजे ती कडी एवढंच राहिलं असतं. पाचवीपर्यंत शाळा चालू ठेवतोय, नवोदयचा रस्ताही उघडा राहील. शनिवार दुपार आणि रविवार गणित मामाकडं किंवा घरी, पुस्तकाशिवाय. मिस्टरांनी रविवारचे तीन तास लिहून दिलेत, मीनाताई, कागद फ्रिजवर लावलाय. पाचवीनंतर पुन्हा बसून बोलू, तेव्हा ती स्वतःही बोलण्याएवढी मोठी असेल.

निवृत्त_गुरुजी_सेलू | ३० नोव्हेंबर, सकाळी ७.०५

बरं वाटलं, बाई. दार ढकलणाऱ्या मुलींशीही कुणीतरी मायेनं बोला. त्यांनाही कडी नव्हतीच.

कडूलिंब_बीड | ३० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

त्या दोन आयांना सोडू नका. तिघी मिळून महिन्यातून एकदा जात राहा.

बालाघाट | ३० नोव्हेंबर, दुपारी १.१०

सायलीताई, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लेकीला घेऊन शेतात या. कडब्याच्या कोपीत बसून भज्जी-अंबिल आहेच. धाकटी आत्तापासून किती माणसांना किती भाकरी याचा हिशोब मांडून बसलीय, तिला जोडीदारीण पाहिजे. आणि थोरल्याला सांगितलंय, त्या दिवशी दुपारी चारच्या आधीच खेळायला कुणीतरी येणार आहे.

सायली_अंबाजोगाई | ३० नोव्हेंबर, दुपारी २.००

येतो दादा. सासूबाईपण येतायत. भाकरीच्या हिशोबात चार धरा.